गडकोटांची संगणकीय नोंदवही

दिनांक ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट करण्यात आला. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसह ११ किल्ले महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. हा बहुमान मोठा, तशी त्याची जबाबदारीही मोठी आहे. जे जतन करावयाचे ते आज नेमके कोणत्या स्थितीत आहे, याची अचूक नोंद प्रथम हवी. अतिवृष्टीत तटाचा भाग ढासळतो आणि त्याची मूळ जाडी, उंची व जंग्यांची रचना यांची नोंद कोठेच नसेल, तर दुरुस्ती अंदाजाने करावी लागते. पुढील पिढी तो अंदाजच इतिहास मानते. हा धोका टाळण्यासाठी इमारतींच्या संगणकीय प्रतिकृतींचा उपयोग होऊ शकतो.

मोजणी ते प्रतिकृती

या कामाची पहिली पायरी मोजणीची. लेसर यंत्रातून निघालेला किरण भिंतीवर आदळून परत येतो. त्यावरून अंतर कळते. यंत्र दर सेकंदास अशी लक्षावधी मोजमापे घेऊ शकते. कड्यावरील तटासारख्या दुर्गम जागी ड्रोनने एकमेकांवर येणारी छायाचित्रे घेतली जातात. या सर्वांतून अगणित बिंदूंनी बनलेली गडाची त्रिमितीय आकृती संगणकावर उभी राहते.

मात्र बिंदू म्हणजे ज्ञान नव्हे. कोणते बिंदू बुरुजाचे, कोणते फांजीचे आणि कोणते देवडीचे, हे जाणकाराला ओळखावे लागते. त्यानंतर प्रत्येक भाग स्वतंत्र घटक म्हणून रचला जातो व त्यास माहिती जोडली जाते: दगडाचा प्रकार, चुन्याचे स्वरूप, भेगा, पूर्वीच्या दुरुस्तीचे वर्ष, जुनी छायाचित्रे. साध्या चित्रात आणि या प्रतिकृतीत हाच मुख्य फरक होय. ऐतिहासिक इमारतींसाठी ही पद्धत डब्लिन येथील संशोधकांनी २००९ मध्ये मांडली.

किल्ल्यांच्या बाबतीत हे काम अधिक कठीण असते. नव्या इमारतीचे दरवाजे व खांब संगणकात तयार साच्यांतून घेता येतात. गडाचा तट मात्र डोंगराच्या वळणाप्रमाणे वळतो, त्याची जाडी जागोजागी बदलते. राजगडाच्या संजीवनी माचीवरील चिलखती बुरूज बाहेरून पाहता एकच भिंत भासते. प्रत्यक्षात आत दुसरा तट व दोहोंमध्ये अरुंद वाट आहे. केवळ बाहेरील छायाचित्रावरून ही रचना उमगणार नाही. अशा ठिकाणी बाहेरची व आतली मोजणी एकत्र जोडावी लागते.

उपयोग आणि मर्यादा

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे उदाहरण बोलके आहे. तो किल्ला नव्हे. परंतु २०१० च्या सुमारास प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी त्याची लेसर मोजणी केली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी चर्चला आग लागली, तेव्हा हीच मोजमापे पुनर्बांधणीस साह्यभूत ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले. किल्ल्यांच्या बाबतीत ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजणी केल्यास तटाचा फुगवटा किंवा रुंदावणारी भेग वेळीच ध्यानात येते.

तथापि यंत्रालाही मर्यादा आहेत. झाडोऱ्याने झाकलेला दगड त्यास दिसत नाही आणि भिंतीच्या पोटातील भरावही कळत नाही. म्हणून प्रतिकृतीत काय मोजलेले, काय कागदपत्रांवरून घेतलेले व काय केवळ अनुमान, हे प्रत्येक घटकासमोर स्पष्ट नोंदविले पाहिजे. पडलेला बुरूज संगणकावर दिमाखात उभा करणे सोपे असते. त्याला आधार कोणता, हे सांगणे अधिक महत्त्वाचे. ही माहिती कोणत्याही संगणकात उघडेल अशा खुल्या स्वरूपात ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

गावाचा सहभाग

ही नोंद केवळ तज्ज्ञांच्या हातून पूर्ण होणारी नाही. दरवाजांची, टाक्यांची, वाटांची स्थानिक नावे गडाखालील गावांनाच ठाऊक असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ती लिहून घ्यावीत. पावसाळ्यापूर्वी व नंतर एकाच जागेवरून दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. घरोघरीचे जुने फोटोही मोलाचे ठरतात.

ग्रामपंचायतीने आणखी एक पथ्य पाळावे. ढासळलेले दगड परस्पर हलवू नयेत वा सिमेंटने बसवू नयेत. पडलेल्या दगडाची जागा हाही एक पुरावा असतो. सिमेंटमुळे भिंतीतील ओल कोंडते व दगडाची झीज वाढते. अशा वेळी पुरातत्त्व खात्यास त्वरित कळवावे.

संगणकातील गड पावसात ढासळणार नाही. परंतु तो डोंगरावरील गडाची जागाही घेऊ शकणार नाही. प्रतिकृतीतील माहितीचा आधार घेऊन मूळ तटाचा एकेक दगड जागेवर राखला गेला, तरच या नोंदवहीचे सार्थक होईल.