मुंबईच्या चाकरमान्याला गाडी, दुबईच्या पोराला कोण विचारतो? परदेशातली मतं आणि पक्षांच्या शाखा

निवडणूक लागली की आपल्या दापोली-मंडणगडच्या वाड्यांत एक गोष्ट ठरलेली. विरार, नालासोपारा, भांडुपहून चाकरमान्यांच्या गाड्या येतात. गाडी कुणी केली, डिझेल कुणी भरलं हे सगळ्या वाडीला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. (मतदाराला फुकट गाडीने केंद्रावर आणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे, पण ते असो.) मुंबईतल्या मताची किंमत पक्षांना बरोबर कळते. त्याच वाडीतले कुवेत, दोहा, दम्मामला असलेले दहा-पंधरा जण मात्र कुणाच्या वहीत नसतात.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं तेव्हा आमच्या शेजारचा मुलगा नेमका सुट्टीवर आलेला. एसी मेकॅनिक आहे, सौदीला. आधार कार्ड घेऊन शाळेत गेला तर यादीत नाव नाही. बाहेर राहतो म्हणून कमी झालेलं. बाहेर टेबलं टाकून बसलेल्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना विचारलं, तर दोघांचं उत्तर एकच, "आता काय होत नाही, पुढच्या वेळी बघू." त्याला रजा दोन वर्षांनी मिळते. पुढची वेळ कधी, हे त्याने कुणाला विचारायचं?

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. परदेशात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. त्यासाठी २०१० मध्ये कायद्यात कलम २०-अ घातलं गेलं. पासपोर्टवर जो गावचा पत्ता, त्या गावच्या यादीत नाव लागतं. अट एवढीच की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. पण मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं, तेही मूळ पासपोर्ट घेऊन. पोस्टाने नाही, ऑनलाइन नाही, दूतावासात नाही. सैन्यातला जवान दुसऱ्यामार्फत किंवा टपालाने मत देऊ शकतो, दुबईतला गवंडी देऊ शकत नाही.

याचा परिणाम आकड्यात दिसतो. परदेशात दीड कोटीच्या आसपास भारतीय नागरिक आहेत. २०२४ च्या लोकसभेला त्यातल्या १,१९,३७४ जणांची नोंदणी होती आणि प्रत्यक्ष मत दिलं फक्त २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्रात नोंदणी ५,०९७ आणि मतदान १७. सतरा हजार नव्हे, सतरा. एका एसटीत बसतील एवढे.

मग पक्षांच्या परदेशातल्या शाखा करतात काय, असा प्रश्न येतो. शाखा आहेत. भाजपची 'ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी' १९९० च्या दशकापासून आहे. अमेरिकेतल्या शाखेने २०२० मध्ये तिथल्या कायद्यानुसार 'परदेशी एजंट' म्हणून रीतसर नोंद केली. काँग्रेसची 'इंडियन ओव्हरसीज काँग्रेस' आहे, सॅम पित्रोदांचं नाव त्यामुळेच बातम्यांत येतं. नेता लंडन-न्यूयॉर्कला गेला की हॉल भरणं, सोशल मीडिया चालवणं, निवडणुकीत इथल्या नातेवाइकांना फोन लावणं, काही जणांनी सुट्टी काढून प्रचाराला येणं, अशी ही कामं.

यात गंमत अशी की अमेरिका-इंग्लंडातल्या त्या गर्दीत बऱ्याच जणांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं असतं. त्यांना इथे मत नाही. पक्षाला देणगीही देता येत नाही, कारण परदेशी नागरिकाचा पैसा राजकीय पक्षाला घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. म्हणजे ज्याला मत आहे तो आखातात पत्र्याच्या कॅम्पात आणि फोटो निघतात ते ज्याला मत नाही त्याच्याबरोबर. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. राहुल गांधींची जानेवारी २०१९ मध्ये दुबईच्या क्रिकेट स्टेडियमवर सभा झाली, तिथे कामगार होतेच. पण सभा झाली की उठलेल्या बाजारासारखं होतं, मागे काय उरतं?

केरळचं वेगळं आहे, आणि आपण बघावं ते तिकडेच. आखातात बहुतेक ठिकाणी राजकीय पक्षाला परवानगीच नाही. म्हणून केरळच्या पक्षांनी 'सांस्कृतिक' नावाने संघटना उभ्या केल्या. मुस्लिम लीगच्या लोकांची केएमसीसी, म्हणजे केरळ मुस्लिम कल्चरल सेंटर. काँग्रेसवाल्यांचीही तशीच आहे, डाव्यांच्याही आहेत. बोर्डावर संस्कृती, आत तालुका-गावनिहाय समित्या. कुणाचा पगार अडकला, कुणी दवाखान्यात आहे, कुणाचा मृतदेह घरी पाठवायचा आहे, तर ही माणसं कागद घेऊन धावतात. २०२० च्या कोरोनात यांनी खास विमानं ठरवून माणसं घरी आणली. निवडणुकीत तिकिटं एकत्र काढून मतदारांना आणतात, त्याला तिकडे 'वोट विमान' म्हणतात. आपल्या विरारच्या गाडीचंच मोठं भावंडं, फक्त उडणारं.

त्याचं फळ राज्यात मिळालं. केरळात परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ पासून सरकारचं वेगळं खातं आहे, नोर्का. परत आलेल्यांसाठी कल्याण मंडळ आहे, वर्गणी भरली तर पेन्शन आहे. कुठल्याही बाजूचं सरकार आलं तरी ते बंद होत नाही, कारण प्रत्येक पक्षाला माहीत आहे की एका माणसामागे घरची चार-पाच मतं आहेत. आपल्याकडेही ती तशीच आहेत, फक्त कुणी मोजली नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक सुतार आखातात हार्ट अटॅकने गेला. घरच्यांनी इथे नेत्यांची दोन कार्यालयं गाठली. "साहेबांच्या कानावर घालतो" एवढं मिळालं. शेवटी कागद पुरे करून दिले ते तिथल्या एका मल्याळी माणसाने. नाव-गाव काही ओळखीचं नाही, पण अशीच कामं करणाऱ्या एका समितीतला. मिठी मारायला तरी नंबर घ्यायला हवा होता, असं त्याचा भाऊ अजून म्हणतो.

फिलिपीन्ससारखा गरीब देश २००४ च्या निवडणुकीपासून आपल्या परदेशातल्या कामगारांना तिथूनच मत देऊ देतो. फ्रान्सने तर परदेशातल्या नागरिकांसाठी संसदेत ११ जागाच ठेवल्यात, म्हणजे पक्षांना तिथे उमेदवार द्यावाच लागतो. आपल्याकडे दुसऱ्यामार्फत मत देण्याचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत राहिलं आणि २०१९ ला लोकसभा संपल्यावर बुडालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मताची तयारी कायदा मंत्रालयाला कळवली. गाडी तिथेच उभी.

तोवर ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे त्यांनी एवढं करावं. आयोगाच्या मतदार पोर्टलवर 'फॉर्म ६-अ' आहे, फी नाही. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत लागते. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं, नवीन मिळत नाही, मतदानाला पासपोर्टच चालतो. अर्ज केल्यावर बीएलओ पासपोर्टवरच्या पत्त्यावर येऊन घरच्यांकडे चौकशी करतो. तेव्हा "तो इथे राहत नाही" एवढंच सांगून दार लावू नका. माणूस कायमचा परत आला की नेहमीच्या यादीत नाव घालून घ्यायचं.

शेजारच्या मुलाचा फॉर्म आम्ही त्याच्या ओटीवर बसून मोबाईलवरच भरला. व्हिसाचं पान तीनदा धूसर निघालं, चौथ्यांदा लागलं. बीएलओ येईल तेव्हा आई शेतात असली तर मला फोन कर, असं त्याने बजावून ठेवलंय.