चरबीची गाठ साधी की कॅन्सरची? सुईतून आलेल्या पेशी वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका स्लाइडपुढे वहीत ‘निगेटिव्ह’ लिहिलं होतं. ते चुकीचं निघालं. चूक कुठे झाली ते सांगते, पण आधी थोडा विषय.

पाठीवर किंवा दंडावर मऊ, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ असलेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. ही बहुतेक वेळा लायपोमा असते, म्हणजे चरबीची साधी गाठ. पण मांडीच्या स्नायूंत खोलवर किंवा पोटात आतड्यांच्या मागे मोठी चरबीची गाठ सापडली, तर लायपोसार्कोमाचा, म्हणजे कॅन्सरचा, विचार करावाच लागतो. त्यातला ‘वेल-डिफरन्शिएटेड’ प्रकार सर्वात फसवा. त्याच्या बऱ्याचशा पेशी साध्या चरबीसारख्याच दिसतात. पोटामागची अशी गाठ पूर्ण काढणं अवघड असतं, ती पुन्हा उगवते आणि कधीकधी जास्त आक्रमक रूप घेते.

अशा गाठीतून बारीक सुईने पेशी काढतात, तीच आपल्या ओळखीची एफएनएसी. चरबीची पेशी म्हणजे एक मोठा तेलाचा थेंब आणि कडेला ढकललेलं इवलंसं केंद्रक. संशयास्पद केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी असतात. पण ती विखुरलेली असतात, आणि बरीचशी गाठीतल्या तंतुमय पडद्यांत. पडदे चिवट, चरबी मऊ. सुईत काय येणार? मऊ तेच! म्हणून ‘संशयास्पद पेशी दिसल्या नाहीत’ आणि ‘संशयास्पद पेशी नाहीत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. (पुस्तकं वाचून आपण लायपोब्लास्ट शोधत बसतो. पण तो निदानासाठी आवश्यक नाही आणि पुरेसाही नाही.)

मग रूपाऐवजी जनुक बघायचं. १२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एमडीएम२ नावाचं जनुक असतं. त्याचं प्रथिन पी५३ या पहारेकऱ्याला निकामी करतं. सार्कोमांमध्ये या जनुकाच्या जादा प्रती असतात, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमात या प्रती जवळजवळ नेहमीच वाढलेल्या असतात, साध्या लायपोमात नसतात. आणि या गाठीच्या साध्या दिसणाऱ्या चरबीपेशींतही त्या सापडू शकतात. रूप फसवत असताना या चाचणीचा उपयोग होतो तो त्यामुळेच.

चाचणीचं नाव फिश. एमडीएम२ ला एक चमकणारा रंग, १२ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरला दुसरा. दुसरा रंग कशाला? समजा पेशीत ते अख्खं गुणसूत्रच चार वेळा आहे. मग एमडीएम२ चे ४ ठिपके दिसतील, पण सेंट्रोमिअरचेही ४. गुणोत्तर १, म्हणजे हे जनुक वेगळं वाढलेलं नाही. साधारणपणे गुणोत्तर २ किंवा जास्त आलं तर वाढ धरतात. इथे सुईच्या नमुन्याचा एक फायदाही आहे. बायोप्सीच्या पातळ कापात केंद्रकं चिरली जातात आणि ठिपके हरवतात, स्लाइडवर पसरलेल्या पेशींत केंद्रक अख्खं असतं.

आता माझी स्लाइड. मी नजरेला पडतील ती १०० केंद्रकं प्रामाणिकपणे मोजली. सरासरी २ च्या खाली आली, निगेटिव्ह लिहिलं. गाइड मॅडमनी वही बघितली आणि विचारलं, "मोजलंस ते ठीक, पण कुणाला मोजलंस?"

नमुना रक्ताळलेला होता. मी मोजलेल्यातल्या बहुतेक पांढऱ्या रक्तपेशी होत्या! हिशोब करून बघा. १०० पैकी ९२ रक्तपेशी, प्रत्येकीत एमडीएम२ चे २ ठिपके. ८ पेशी गाठीच्या, प्रत्येकीत २०. एकूण १८४ अधिक १६०, म्हणजे ३४४. सेंट्रोमिअरचे सगळीकडे २ धरले तर २००. गुणोत्तर १.७२. त्या ८ पेशींत ते १० आहे आणि सरासरीत कुठे दिसतसुद्धा नाही.

मग जिम्सा रंगवलेल्या जोडस्लाइडवर गाठीच्या पेशी कशा दिसतात ते आधी पक्कं केलं, आणि फिशच्या स्लाइडवर तशीच केंद्रकं शोधून फक्त तीच मोजली. थोडीच मिळाली, पण प्रत्येकात ठिपक्यांचे पुंजके होते. दुसऱ्यांदा मोजणी माझ्या सहकाऱ्याने केली, माझा आकडा न बघता.

तुम्ही प्रोटोकॉल लिहाल तेव्हा ‘१०० केंद्रकं मोजावीत’ एवढ्यावर थांबू नका. कुठली मोजायची आणि कुठली वगळायची, हे मोजणी सुरू होण्याआधी लिहा. गाठीच्या पेशी पुरेशा नसतील तर निकालाच्या रकान्यात ‘नमुना अपुरा’ असं लिहायचं. माझ्या वहीत त्या पानावर ‘निगेटिव्ह’ अजून आहे, एका रेघेने खोडलेलं, बाजूला तारीख आणि सही.