लेकराच्या उष्टावणानंतर वाटीत काय?

उष्टावण झालं की आपल्या हिंगोली-वसमतकडे बऱ्याच घरांत लेकराला डाळीचं नुसतं पाणी पाजतात. त्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. सहा महिने पूर्ण झाले की घोटलेलं दाट वरण-भातच द्या, चमचा तिरपा केला तरी लगेच ओघळू नये इतकं दाट. वर थोडं तूप. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आईचं दूध चालूच.

मला सगळ्यात आवडतं ते नाचणी-मुगाचं सत्त्व. दोन्ही वेगवेगळे भिजवून मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकेच भाजून दळा. मोड येताना धान्यात अमायलेज तयार होतं, ते स्टार्च तोडतं. त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी खीर गिळायला पातळ राहते आणि लहानशा पोटात जास्त ऊर्जा जाते. धान्य करपवलं तर हा फायदा गेलाच!

ज्वारी मात्र मोड न आणता भाजूनच दळा. तिच्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. आपल्याकडे ज्वारी मुबलक, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पहिल्या वर्षात मीठ-साखर नको, मध तर चाटवायलाही नको. मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. वसमतची हळद चिमूटभर चालेल. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या.

सहा महिन्यांपासून अंगणवाडीचा घरपोच आहार मिळतो. नाव नोंदवा आणि दर महिन्याला लेकराचं वजन करून घ्या.