ब्रिटनमधील कायम वास्तव्य : अनुपस्थितीचा हिशेब

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीयांचे अंतिम उद्दिष्ट बहुधा ‘इंडेफिनिट लीव्ह टु रिमेन’ म्हणजेच कायम वास्तव्याचा परवाना हे असते. त्यासाठी ठरावीक वर्षांचे सलग वास्तव्य सिद्ध करावे लागते. कुशल कामगारांच्या बाबतीत हा कालावधी दीर्घकाळ 5 वर्षांचा राहिला. मे 2025 मधील श्वेतपत्रिकेत तेथील सरकारने तो सर्वसाधारणपणे 10 वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे अर्जापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम पाहून घेणे अगत्याचे आहे.

180 दिवसांची मर्यादा

‘सलग’ याचा अर्थ देशाबाहेर पाऊलच टाकू नये असा नाही. कोणत्याही 12 महिन्यांत 180 दिवसांपेक्षा अधिक अनुपस्थिती नसावी, असा हा दंडक आहे. येथे ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा केला जात नाही. प्रस्थानाचा व आगमनाचा दिवस वगळून केवळ पूर्ण दिवस मोजले जातात.

समजा, लंडनमधील एक अभियंता कंपनीच्या कामासाठी 15 सप्टेंबर 2022 रोजी पुण्यास आला आणि 20 डिसेंबरला परतला. अनुपस्थिती 95 दिवस. पुढे आईच्या अखेरच्या आजारपणात तो 1 मार्च 2023 रोजी पुन्हा भारतात आला आणि तिचे दिवसकार्य आटोपून 5 जूनला परतला. हेही 95 दिवस. वर्षवार पाहता दोन्ही वर्षे मर्यादेत दिसतात. परंतु सप्टेंबर 2022 पासूनच्या 12 महिन्यांत बेरीज 190 होते आणि वास्तव्याचे सातत्य धोक्यात येते.

कोणते कारण ग्राह्य?

कंपनीने पाठविले होते, एवढ्याने पहिल्या प्रवासाचे दिवस वगळले जात नाहीत. कामासाठीची अनुपस्थितीही सामान्यतः मोजली जाते. मात्र स्वतःचा वा निकटच्या नातलगाचा जिवावरचा आजार, नातलगाचा मृत्यू, तसेच नैसर्गिक आपत्ती, युद्ध वा महासाथीमुळे खंडित झालेला प्रवास या कारणांना सवलत मिळू शकते. अभियंत्याने दुसऱ्या प्रवासाचे कारण पुराव्यानिशी पटवून दिले, तर हिशेबात 95 दिवसच उरतात.

स्पष्टीकरण कसे द्यावे?

स्पष्टीकरणाचे पत्र थोडक्यात व तारीखवार असावे. आजाराचे निदान केव्हा झाले, अर्जदार केव्हा निघाला, त्याची उपस्थिती का आवश्यक होती आणि तो केव्हा परतला, हा क्रम पुरेसा होतो. सोबत रुग्णालयाची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला, नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि कंपनीने रजा मंजूर केल्याचे पत्र जोडावे. मराठी कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे लागते.

ब्रिटन सोडताना पारपत्रावर शिक्का मारला जात नाही. म्हणून भारतीय विमानतळावरील आगमन-निर्गमनाचे शिक्के, विमानाची तिकिटे व बोर्डिंग पास जपून ठेवावेत. तारखांबाबत शंका उरल्यास बँकेच्या खातेउताऱ्यातील त्या काळचे व्यवहारही स्मरणास साहाय्यक ठरतात. अडचणीची सहल अर्जातून गाळण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चुकीची माहिती उघडकीस आल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि मग खरे कारणही संशयास्पद ठरते.

भारतीय आयकर कायद्यातील 182 दिवसांची कसोटी याहून वेगळी आहे. ती भारतातील वास्तव्याचे दिवस आर्थिक वर्षानुसार मोजते. दोहोंची गल्लत करू नये.

आईच्या उशाशी बसलेल्या मुलाने दिवस मोजावेत, अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. म्हणूनच ब्रिटनमधील पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रवासाची तारीख व कारण एका वहीत नोंदविण्याची सवय लावणे हितावह होय. मग अडीअडचणीला मायदेशी धाव घेताना हाताशी किती दिवस शिल्लक आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते.