सुखाच्या मरणाचा शोध

आमच्या बाबांनी यंदा, वयाच्या ८६व्या वर्षी, देहदानाचा फॉर्म मागवला आणि सकाळच्या चहाबरोबर माझ्यापुढे सरकवला. "इथं तुझी सही लागते," एवढेच म्हणाले. मी मराठीचा प्राध्यापक. मरणावरचे अभंग वर्गात रंगवून शिकवतो. पण त्या कागदापुढे माझा हात आखडला. बाबांच्या देहावर कुणा परक्या पोराने सुरी चालवायची, ही कल्पनाच सोसवेना. पंधरा दिवस तो फॉर्म शब्दकोशाखाली पडून राहिला.

याच सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात लिओनार्दो दा विंचीच्या शरीरचित्रांचे एक जाडजूड पुस्तक हाती आले. ‘मोनालिसा’चा चित्रकार म्हणून आपण त्याला ओळखतो, पण या माणसाने रात्री-रात्री प्रेतांच्या सोबतीत काढल्या होत्या. ती किळस, ती भीती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. शिवाय त्या काळी देह टिकवण्याची सोय नव्हती. एक देह नासू लागला की पुढचे दुसऱ्यावर पाहायचे. उतारवयात त्याने सांगितले, की तिसांहून अधिक देह आपण उघडून पाहिले.

त्यातला एक प्रसंग मात्र मनातून जाईना. १५०७-०८च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा या रुग्णालयात एक म्हातारा होता. आपण शंभरी ओलांडली आहे, अशक्तपणाखेरीज काही दुखत नाही, असे त्याने लिओनार्दोला सांगितले आणि काही तासांतच, खाटेवर बसल्या बसल्या, हूं की चूं न करता तो गेला. आपण अशा वेळी ‘पुण्यवान हो!’ म्हणून हात जोडतो. लिओनार्दोला प्रश्न पडला, इतके गोड मरण आले कसे?

त्याने तो देह उघडला. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सुकून, आक्रसून गेलेली दिसली. पुढे दोन वर्षांच्या एका मुलाचा देह पाहिला, तर तिथे सारे याच्या उलट. म्हातारपणी वाहिन्यांचे कसे होते, हे सांगायला त्याने दृष्टांत घेतला तो संत्र्याचा: फळ जून होते तशी साल जाडावते आणि गर कमी होतो. आजचे डॉक्टर हृदयाच्या धमन्या अरुंद होण्याविषयी जे सांगतात, त्याचे हे फार जुने वर्णन मानले जाते.

दैव असे, की १५१९ साली तो वारला तेव्हा हे कागद अप्रकाशितच होते. १५४३ साली व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ जगापुढे आला. लिओनार्दोची पाने मात्र शतकानुशतके बासनात राहिली. आज ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला आहेत.

पुस्तक मिटताना एक गोष्ट ध्यानात आली. लिओनार्दोने सुरी हाती घेतली ती नंतर. त्याआधी तो त्या म्हाताऱ्याचे बोलणे ऐकत होता.

मी मात्र पंधरा दिवसांत बाबांना साधे ‘का?’ म्हणूनही विचारले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांच्या खाटेवर जाऊन बसलो. ते बराच वेळ बोलले. आईच्या शेवटच्या दुखण्याविषयी, तिच्यावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरांविषयी. "ती पोरं कुणाच्या तरी देहावरच शिकली ना रे?" ते म्हणाले.

शब्दकोशाखालचा फॉर्म मी काढला, तो त्यानंतर.