द्वादशीचं पाणी

पहाटे 4:00

उठल्याबरोबर पहिली नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते. मार्गशीर्ष वद्य द्वादशी. गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जाणारा माणूस घड्याळाच्या आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे पाणी सकाळी 9 च्या सुमारास भरणार आणि रात्री साडेनऊला पुन्हा. छापील कोष्टकाशी थोडाफार फरक पडतो, पण हा हिशेब विसरणाऱ्याने खडपावर, समुद्रकाठच्या कातळावर, पाय ठेवू नये, असं काका म्हणतात. काका आमच्या आळीतले. गरी त्यांनीच माझ्या हातात दिली.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा. अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारं पाणी, संपला, अमावास्या तीन दिवसांवर आली. पाणी आता रोज कालच्यापेक्षा थोडं वर चढणार. काल कोरडी राहिलेली कातळाची पायरी आज भिजणार.

5:15

रत्नदुर्ग किल्ल्याखाली, भगवती बंदराच्या अंगाला गाडी लावली. दीपगृहाचा झोत डोक्यावरून फिरतोय. इथे 1867 पासून दीपगृह आहे. पूर्वेला चंद्राची बारीक कोर आहे आणि जमिनीकडून मतलई वारा वाहतोय, अंगावर काटा आणणारा. मिरकरवाड्याच्या बोटींची इंजिनं ऐकू येतात. त्यांचं काम खोल पाण्यात. आमचं काम जमीन संपते तिथे.

पिशवीत फार काही नाही: बाटलीला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनचा दोरा), चार आकारांच्या गऱ्या, सुरी, पक्कड, पाण्याची बाटली, कपाळाला लावायची विजेरी आणि काल संध्याकाळी आणलेले बांगडे. बांगड्याचे तुकडे रात्रीच मिठात घातलेत. मिठाने मांस घट्ट होतं, गरीवरून लवकर सुटत नाही आणि बारीक मासे ते लुटू शकत नाहीत.

5:45

खडपावर पोहोचल्यावर पहिला पाव तास काहीच करायचं नाही. बसायचं आणि लाट बघायची. ओला काळा कातळ कुठवर आणि कोरडा कुठून सुरू होतो, ते विजेरीच्या उजेडात पाहून घ्यायचं. मोठ्या लाटा जोडीने येतात, मधे बराच वेळ समुद्र गरीब वाटतो. त्या गरीब वेळात जो पुढे जाऊन उभा राहतो तोच भिजतो, आणि कधीकधी परत येत नाही. म्हणून कातळ जिथपर्यंत ओला, त्याच्या मागेच उभं राहायचं. पायात चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत, कारण शेवाळ घसरवतं आणि कालवांच्या धारेने तळवा चिरतो.

6:30

उजाडायच्या आधीचा हा वेळ सोन्याचा. चढतं पाणी कपारींमधून आत शिरतं, खेकडे हलतात आणि त्यांच्या मागे मोठे मासे काठाशी येतात.

काका गरीच्या खाली शिसं बांधत नाहीत. बारीक जुन्या दोऱ्याने दगड बांधतात. खडपात अडकलाच तर दोरा तुटतो, दगड राहतो. तंगूस आणि गरी परत मिळते. शिसं समुद्रात जात नाही. इतकी साधी युक्ती मला पाच वर्षं कुणी सांगितली नव्हती.

पहिला ओढा आला तो शेंगाळ्याचा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, म्हणून त्याला हाताने धरायचं नाही, पक्कडीने गरी काढायची. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. मग आला केंड, फुगून चेंडू झालेला. त्याच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत विष असतं. तो पाण्यातच परत.

7:10

सूर्य किल्ल्याच्या मागे आहे, आम्ही अजून सावलीत. आणि मग तो ओढा येतो, ज्यासाठी आपण आलो. टकटक नाही, एकदम वजन. गोबरा.

गोबरा तोंडात आमिष घेऊन सरळ आपल्या बिळाकडे वळतो. पहिल्या दोन क्षणांत दोन हात तंगूस मागे ओढलं नाही तर तो बिळात शिरून कल्ले आणि पर फुगवतो, मग खेचून काही उपयोग नाही. माझा गेला. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सोड. ढील दे. बस." तंगूस सैल सोडून आम्ही बसलो. ओढ नाही म्हटल्यावर मासा स्वतःच बाहेर येतो. सात-आठ मिनिटांनी तंगूस हलकेच सरकलं आणि या वेळी मी चुकलो नाही. सव्वा किलोच्या आसपास भरेल.

त्यानंतरचा वीतभराचा होता, तो काकांनी सोडला. बहुतेक गोबरे आधी मादी असतात, वाढल्यावर त्यांचे नर होतात. लहान उचलले तर अंडी घालणाऱ्या माद्या जातात, फक्त मोठेच उचलले तर नर संपतात. 2023 साली राज्य सरकारने 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. काका त्याच्या कितीतरी आधीपासून वितीने मोजतात, आणि मोठे मिळाले तरी दोनाच्या वर घेत नाहीत.

8:05

आपण उभे आहोत तो कातळ आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ आहे. भरतीचं पाणी समोरून चढताना दिसतं, पण घळ मागून भरते. काकांची खूण म्हणजे घळीच्या तोंडाशी असलेला कालवांचा पांढुरका पट्टा. पाणी त्या पट्ट्याला लागलं की उठायचं.

याच वेळी मासा सर्वांत जास्त खातो. तांबोशी कपारीत घुमते आहे, दोनदा आमिष हिसकलंय. तिचं लहानपण खाडीच्या कांदळवनात जातं आणि वाढल्यावर ती खडपात येते. भाट्याच्या खाडीत वाढलेली एखादी इथे आली असेल. एवढ्यात उठायला मन तयार होत नाही. आणि तेवढ्यासाठीच हे काम अवघड आहे. गरी टाकणं कुणालाही चार दिवसांत येतं.

सहा वर्षांपूर्वी मी एका माशासाठी पाच मिनिटं थांबलो होतो. परतताना घळीत पाणी छातीपर्यंत आलं होतं. लाटेने मला कालवांवर आपटलं, पिशवी गेली आणि काकांनी गमछा फेकला म्हणून मी वर आलो. गुडघ्यावरचे वण अजून आहेत. काका त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा तिथेच आले आणि तो पट्टा दाखवला.

8:10 ला आम्ही घळ ओलांडली. पाणी पोटरीपर्यंत.

10:00

वरच्या कातळावरून पाणी फिरेपर्यंत अजून दोन पालू मिळाले. एक गोबरा घरी, बाकी मासे नेहमीच्या खानावळीत. मग पेज, झोप.

दुपारी 3:00

सुकती. सकाळी जिथे तांबोशी घुमत होती तिथे आता चालता येतं. बायका कालवं काढताहेत. बसल्या जागी शिंपला फोडून मांस डब्यात जमा होतं, संध्याकाळी बाजारात वाट्याने विकलं जाईल. त्यांच्यातली एक मान वर न करता म्हणते, "थोड्या वेळानं पाणी फिरंल, मंग सरका." तिच्याकडे घड्याळ नाही.

आम्ही याच वेळी बिळं, कपारी, घळीचा तळ बघून ठेवतो. सकाळचा अंदाज दुपारी पक्का होतो. आणि अडकून राहिलेलं तंगूस काढतो. आज ओंजळभर निघालं, त्यात एक जिवंत चिंबोरी गुरफटलेली. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. खडपावर येणाऱ्यांनी आपलं तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी न्यावं, आणि पाय ठेवायच्या आधी तिथी विचारावी. कालवंवाल्या बायका सांगतात, कुणीही विचारलं तरी सांगतात.

संध्याकाळी 7:30

गऱ्या पुसल्या, नवीन दोरे कापले, बांगड्याला मीठ लावलं. उद्या त्रयोदशी. पूर्ण भरती पावणेदहाला, आणि पाणी आजच्याहून वर चढणार.