दूरचित्रवाणी मालिकांतील अवतरणे

दूरचित्रवाणी मालिकांतील अवतरणे : पूर्वीच्या ग्रंथांतील अथवा थोर व्यक्तींच्या नावे प्रसिद्ध असलेली वचने दूरचित्रवाणी मालिकांत जशीच्या तशी किंवा अल्प फरकाने योजण्याचा संकेत. शीर्षकगीत, भागाचे शीर्षक, भागाच्या आरंभी वा अखेरीस उच्चारलेले बोधवचन आणि पात्रांचे संवाद या चार ठिकाणी ती प्रामुख्याने आढळतात. अवतरणामुळे कथानकाला थोड्या वेळात विचाराची चौकट लाभते. मात्र मूळ संदर्भ सुटला, की वचनाचा अर्थ आणि काही वेळा त्याचा कर्ताही बदलतो.

पूर्वपीठिका : कादंबरीतील प्रकरणाच्या शिरोभागी बोधवचन देण्याची प्रथा हे या संकेताचे जवळचे पूर्वरूप होय. सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) याच्या कादंबऱ्यांत ती विपुल आढळते. मनाजोगे वचन न सापडल्यास तो स्वतःच ओळी रचून त्यांखाली ‘जुने नाटक’ असा निर्देश करीत असे. प्राचीनतेच्या नावाला वाचकांच्या मनात केवढे वजन असते, हे यावरून दिसून येते. महाराष्ट्रातील नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात संतवचन घेऊन त्याचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. तेथे वचनामागोमाग त्याचा उलगडा येतो. मालिकेत निरूपणाला बहुधा अवकाश नसल्याने ते कार्य कथानकालाच करावे लागते. [→ कीर्तन].

शीर्षकगीतातील अवतरणे : बी. आर. चोप्रा निर्मित महाभारत (१९८८–९०) या हिंदी मालिकेच्या शीर्षकगीतात भगवद्‌गीतेच्या चौथ्या अध्यायातील सातवा व आठवा हे श्लोक समाविष्ट होते. धर्माला ग्लानी आली असता भगवंत अवतार घेतो, असे आश्वासन त्यांत आहे. मूळ महाभारतात गीता भीष्मपर्वात, युद्धारंभीच्या प्रसंगी येते. मालिकेत मात्र कृष्णजन्माची कथा येण्यापूर्वीपासूनच हे श्लोक प्रेक्षकांच्या कानी पडत. परिणामी अर्जुनाला एका प्रसंगी केलेला उपदेश संपूर्ण कथेचा दृष्टिकोण बनला.

याउलट श्याम बेनेगल दिग्दर्शित भारत एक खोज या ५३ भागांच्या मालिकेसाठी (प्रथम प्रक्षेपण १९८८) ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त (१०·१२९) निवडण्यात आले. सूक्ताचा हिंदी अनुवाद वसंत देव यांनी केला व संगीत वनराज भाटिया यांनी दिले. विश्वाची उत्पत्ती कशी झाली, हे तिचा अध्यक्ष तरी जाणतो काय, अशा संशयात या सूक्ताचा शेवट होतो. जवाहरलाल नेहरू यांच्या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर आधारलेल्या आणि शोध हेच सूत्र असलेल्या मालिकेला ते साजेसे होते. एकाच काळात दूरदर्शनवर आलेल्या या दोन मालिकांपैकी एकीने आश्वासनाचे, तर दुसरीने प्रश्नाचे वचन स्वीकारले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शीर्षकांतील अवतरणे : स्टार ट्रेक (१९६६–६९) या अमेरिकन विज्ञानमालिकेतील काही भागांची शीर्षके शेक्सपिअरच्या नाटकांतील शब्दबंधांवरून घेतलेली आहेत, उदा., ‘द कॉन्शन्स ऑफ द किंग’ (१९६६) हे हॅम्लेटमधून, तर ‘ऑल अवर यस्टर्डेज’ (१९६९) हे मॅक्‌बेथमधून. ब्रेकिंग बॅड या मालिकेतील नायकाच्या साम्राज्याचा विध्वंस दाखविणाऱ्या भागाला (२०१३) शेलीच्या ‘ओझिमँडिअस’ (१८१८) या सुनीताचे नाव देण्यात आले. अशा शीर्षकाचा पूर्ण अर्थ मूळ कृतीशी परिचय असलेल्यालाच कळतो. इतरांचे कथा समजण्यावाचून मात्र अडत नाही.

बोधवचने : क्रिमिनल माइंड्स (२००५–२०, पुनरारंभ २०२२) या गुन्हेशोधक मालिकेत भागाच्या आरंभी वा अखेरीस एखाद्या पात्राच्या आवाजात अवतरण ऐकविण्याची पद्धत विशेष प्रसिद्धी पावली. तिच्या पहिल्याच भागात जोसेफ कॉनरॅड व फ्रीड्रिख नीत्शे यांची वचने आली आहेत. त्यांची तुलना उद्‌बोधक ठरते. नीत्शेचे वचन बियाँड गुड अँड ईव्हिल (इं. शी., १८८६) या ग्रंथातील १४६ वे सूत्र असून ते सुट्या सूत्रांच्या विभागात येते, म्हणजे एकटे उभे राहण्यासाठीच ते लिहिले गेले. कॉनरॅडचे वाक्य अंडर वेस्टर्न आइज (१९११) या कादंबरीतील आहे. तिचा निवेदक एक इंग्रज भाषाशिक्षक असून रशियातील जुलमी राजवट आणि एका क्रांतिकारकाचा विश्वासघात हा तिचा विषय आहे. मालिकेत मात्र हे दोन्ही उद्‌गार लेखकांची स्वतःची मते म्हणून सारख्याच भाराने ऐकू येतात. द वायर (२००२–०८) या मालिकेने वेगळा मार्ग पतकरला : बहुतेक भागांच्या आरंभी त्याच भागातील एखाद्या पात्राचे वाक्य पडद्यावर येते आणि ते पुढे आपल्या प्रसंगी ऐकू येते. त्यामुळे वचन व संदर्भ यांची ताटातूट होत नाही.

वक्ता, लेखक व कर्तृत्व : हॅम्लेटमधील पोलोनियसने मुलाला केलेला उपदेश शेक्सपिअरचे जीवनसार म्हणून अनेकदा सांगितला जातो. वस्तुतः स्वतःशी प्रामाणिक राहण्यास सांगणारा हाच बाप पुढील अंकात त्या मुलावर हेर पाठवितो. गिलिगन्स आयलंड या विनोदी मालिकेच्या ‘द प्रोड्यूसर’ (१९६६) या भागात याच उपदेशातील ऋणविषयक अंश बीझेच्या कारमेन या संगीतिकेतील चालीवर गायिला आहे. उपदेशातील पोकळपणा त्या थट्टेने गंभीर अवतरणापेक्षा अधिक नेमका पकडला, असे म्हणता येईल.

कर्तृत्वाचे घोटाळे याहून गंभीर होत. मतभेद असूनही दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्काचे प्राणपणाने रक्षण करण्याविषयीचे व्हॉल्तेअरच्या नावे चालणारे वाक्य त्याचे नाही. ईव्हलिन बीट्रिस हॉल हिने १९०६ मध्ये त्याची वृत्ती सांगताना ते लिहिले. मालिकाही अशा वचनांना जन्म देतात. स्कॉटीला आपणास यानात वर घेण्यास सांगणारे सुप्रसिद्ध वाक्य त्या नेमक्या शब्दांत मूळ स्टार ट्रेकमध्ये आढळत नाही.

छापील ग्रंथात तळटीप देता येते. उच्चारलेल्या अवतरणासोबत बहुधा केवळ नाव येते, ग्रंथ व प्रसंग येत नाहीत. म्हणून वचन कोणी लिहिले, कोणाच्या मुखी घातले आणि कोणत्या प्रसंगी, या तीन गोष्टी निश्चित झाल्याशिवाय त्याचा आधार प्रमाण मानणे योग्य ठरत नाही.